एग्मॉंट जहाजाचं वादळचित्र (ऑक्टोबर १७८०)

ब्रिटिश आरमाराचं ७४ तोफांचं लढाऊ जहाज 'एग्मॉंट' ऑक्टोबर १७८० मधे वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुशिया बेटाजवळ चक्रीवादळात सापडलं आणि डोलकाठ्या गमावून बसलं. त्या प्रसंगाचं लेफ्टनंट विल्यम इलियट या आरमारी अधिकाऱ्याने केलेलं हे चित्र. अठराव्या शतकातल्या समुद्री वादळांवर लिहिताना ते हटकून छापलं जातं, बहुतेक वेळा 'ग्रेट हरिकेन' अशा एका ओळीच्या कॅप्शनखाली, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

इलियटबद्दल थोडक्यात. हुद्दा लेफ्टनंटचा, समुद्री लढाया नि जहाजांची चित्रं हा त्याचा विषय, १७८० च्या दशकात लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याची चित्रं लागायची, मृत्यू १७९२ च्या सुमारास. आरमारी माणूस चित्र काढतो यात तेव्हा कुणाला नवल वाटत नसे. पोर्ट्समथला १७३३ मधे सुरू झालेल्या नेव्हल अकॅडमीत ड्रॉइंग हा रीतसर विषय होता. कारण सरळ होतं, अनोळखी किनारा दिसला की त्याची डोंगररेष, भूशिरं, बंदराचं तोंड हे सगळं लॉगबुकात, म्हणजे जहाजाच्या रोजनिशीत, काढून ठेवायचं म्हणजे पुढच्या जहाजाला उपयोग. म्हणजे हात तयार झाला होता तो मोजून मापून काढण्यासाठी, आणि हाच हात मग लढाया नि वादळांकडे वळला. फक्त एक सावधगिरी हवी, चित्रकार लेफ्टनंट होता म्हणजे तो त्या दिवशी त्याच जहाजावर होता असं गृहीत धरतात ते बरोबर नाही. हुद्द्यावरून हजेरी सिद्ध होत नाही.

आता मुख्य वाद, वादळ नक्की कोणतं. ऑक्टोबर १७८० मधे त्या भागात तीन आठवड्यांच्या आत तीन वेगवेगळी मोठी वादळं झाली. पहिलं ३ ऑक्टोबरला जमैकाच्या पश्चिम टोकाला सव्हाना-ला-मार गावावर आलं, समुद्र गावात शिरला आणि गाव गेलं. पुढे ते क्युबाकडे सरकलं, तिथे कॅप्टन सर हाइड पार्करची ४४ तोफांची 'फीनिक्स' किनाऱ्यावर आपटून फुटली. तिच्यावरचा लेफ्टनंट बेंजामिन आर्चर होडीतून जमैकाला मदत आणायला गेला, त्याने आईला लिहिलेलं पत्र हा या वादळाचा सगळ्यात जिवंत पुरावा समजतात, आणि तोही एका आरमारी अधिकाऱ्याचाच. त्याच वादळात रिअर अॅडमिरल जोशुआ रौलीच्या ताफ्याची दैना झाली, 'थंडरर' सगळ्या माणसांसकट बेपत्ता झालं, 'स्टर्लिंग कॅसल' हिस्पॅनिओला बेटाच्या (आजचे हैती नि डोमिनिकन रिपब्लिक) उत्तरेला खडकांवर फुटलं, 'हेक्टर', 'ब्रिस्टल' आणि आणखी काही जहाजांच्या डोलकाठ्या गेल्या.

दुसरं, ज्याला खरं म्हणजे ग्रेट हरिकेन म्हणायचं ते, १० ऑक्टोबरला बार्बेडोसवर आलं आणि सेंट लुशिया, मार्टिनिक, सेंट युस्टेशियस करत १६ तारखेच्या आसपास अटलांटिकात निघून गेलं. मृतांचा आकडा साधारण २२,००० धरतात. हा आकडा नंतरच्या बेरजांतून आलेला आहे, त्यामुळे शेवटच्या शून्यांवर फार विसंबू नये, पण अटलांटिकातलं सर्वांत प्राणघातक वादळ हेच यावर फारसं दुमत नाही. मार्टिनिकजवळ सैनिक घेऊन चाललेल्या फ्रेंच गलबतांचा मोठा काफिला सापडला, त्यातली बहुतेक बुडाली. ब्रिटिशांची 'लॉरेल' नि 'अँड्रोमेडा' त्याच बेटावर फुटली, आणि जे मोजके खलाशी वाचले त्यांना फ्रेंच गव्हर्नर मार्की द बुइये याने कैदी न ठेवता परत पाठवलं, ब्रिटन-फ्रान्समधे ऐन युद्ध चालू असताना. तिसरं वादळ १७ ते २१ ऑक्टोबरचं, मेक्सिकोच्या आखातातलं, हवानाहून फ्लोरिडातल्या ब्रिटिशांच्या पेन्साकोलावर चालून निघालेला स्पॅनिश अॅडमिरल सोलानोचा ताफा त्यात विखुरला म्हणून त्याला सोलानोचं वादळ म्हणतात.

तिन्हींच्या बातम्या जहाजांनीच जायच्या, त्यामुळे लंडनला त्या आठवडे उलटल्यावर एकमेकींत मिसळून पोचल्या असाव्यात, आणि मग लोकांच्या तोंडी एकच 'ग्रेट हरिकेन' राहिलं. त्या भागाचा मुख्य अॅडमिरल रॉडनी स्वतः त्या वेळी न्यूयॉर्कला होता, डिसेंबरात बार्बेडोसला परतल्यावर पडझड बघून त्याला वाटलं की नुसत्या वाऱ्याने एवढं होणार नाही, भूकंपही झाला असणार. खुद्द सरसेनापतीचा अंदाज असा, तर छापखानेवाल्यांना काय दोष द्यायचा.

एग्मॉंटच्या बाबतीत जुन्या यादीकारांचे दोन कल दिसतात. काही जण ते रौलीच्या ताफ्याबरोबर पहिल्या वादळात घालतात, काही सेंट लुशियाजवळच्या दुसऱ्या वादळात. दुसरा कल जास्त पटण्यासारखा आहे. चित्राच्या नावातच सेंट लुशिया आहे, आणि पहिलं वादळ जमैका, क्युबा, बहामाच्या अंगाने गेलं, सेंट लुशिया तिथून शेकडो मैल आग्नेयेला. तारखेत चूक होणं सोपं, बेटात चूक होणं खलाशाकडून जरा अवघडच. म्हणून चित्राचा काळ ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातला धरावा, नेमका दिवस न सांगितलेला बरा.

चित्र वाचायचं कसं, तर आकाशाकडे आधी बघायचंच नाही. काळे ढग, फाटलेला उजेड, डोंगराएवढ्या लाटा हे त्या काळच्या प्रत्येक समुद्रचित्रकाराचं ठरलेलं सामान होतं, ते डच चित्रकारांकडून चालत आलं होतं. आरमारी माणसाचं चित्र वेगळं ठरतं ते डोलकाठ्यांपाशी. ७४ तोफांच्या जहाजाला पुढची, मधली, मागची अशा तीन उभ्या डोलकाठ्या, शिवाय नाळेवरून पुढे झुकलेली तिरकी काठी. मधली बुडाशी साधारण तीन फूट जाडीची, आणि एका झाडाची नव्हे, अनेक लाकडं एकात एक बसवून वर लोखंडी पट्ट्या ठोकून केलेली. प्रत्येकीवर आणखी दोन काठ्या चढवलेल्या, आडव्या काठ्या वेगळ्या आणि दोरखंडांचं जाळं वेगळंच. अशी काठी मोडणं हे निम्मंच संकट, कारण मोडलेला भाग दोरांनी जहाजालाच बांधलेला राहतो, लाटेबरोबर मागे जाऊन पुढे येतो आणि बाजूच्या फळ्या फोडायला बघतो. म्हणून लोक कुऱ्हाडी घेऊन दोर तोडत सुटायचे. कधी कधी तर काठी मोडायची वाटच बघत नसत, जहाज एका कुशीवर पडून उठेना झालं तर कॅप्टन स्वतःच डोलकाठी तोडायचा हुकूम द्यायचा. त्यामुळे अशा कुठल्याही चित्रात बुंधा कुठून तुटलाय, किती उंचीचा उरलाय, मोडतोड वाऱ्याकडच्या बाजूला आहे की पलीकडच्या, हे बघितल्यावर बरंच काही कळतं. लॉगबुकात त्याच गोष्टीला 'डोलकाठी गेली' एवढी अर्धी ओळ मिळते.

काठ्या इतक्या भराभर का गेल्या यालाही एक कारण सांगतात. ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या डोलकाठ्यांचं लाकूड न्यू इंग्लंडच्या पाइन जंगलांतून यायचं, अमेरिकन वसाहतींशी युद्ध पेटलं आणि १७७५ पासून तो माल बंद पडला. मग साठ्यातल्या जुन्या काठ्या, नाहीतर बाल्टिककडच्या लाकडाचे तुकडे जोडून केलेल्या. हे कारण खरं असलं तरी पुरेसं वाटत नाही, बार्बेडोसला त्या वादळात झाडांच्या साली निघाल्याच्या नोंदी आहेत, तिथे नवी काठी तरी काय टिकणार होती.

वाऱ्याचा जोर मोजायचं साधन तेव्हा जहाजावर जवळजवळ नव्हतंच. फ्रान्सिस ब्यूफर्टने आपलं मोजमाप १८०६ च्या सुमारास डायरीत मांडलं, आरमाराने ते १८३८ मधे अधिकृत केलं, आणि त्याचाही आधार शिडंच होती, म्हणजे अमुक वाऱ्यात किती शिडं उभी ठेवता येतील, आणि शेवटचा १२ नंबर म्हणजे एकही शीड टिकणार नाही. नाशिककरांना हे वेगळं समजवायला नको, गोदावरीचं पाणी किती क्युसेक सोडलं हा आकडा आता मोबाइलवर येतो पण पूर केवढा ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, छातीला लागलं की डोक्यावरून गेलं यावरूनच ठरतं, १९६९ चा पूर नि २००८ चा पूर अजूनही असाच सांगतात. एग्मॉंटचे बुंधे त्याच कामाचे. फरक इतकाच की मारुती जागचा हलत नाही आणि जहाजाची दुरुस्ती होते, म्हणून खूण कागदावर उतरवावी लागली.

पुढे या वादळांचा अभ्यास चित्रांवरून नाही तर लॉगबुकांवरून झाला. अमेरिकेत विल्यम रेडफील्डने १८३१ मधे वादळातला वारा गोल फिरतो हे मांडलं, आणि त्याच वर्षीच्या वादळानंतर बार्बेडोसला आलेला इंजिनिअर अधिकारी विल्यम रीड या विषयाच्या मागे लागला. त्याने १७८० ची जुनी लॉगबुकं काढून कोणत्या जहाजाला कोणत्या तासाला कुठून वारा लागला हे नकाशावर मांडलं आणि १८३८ मधे ग्रंथ छापला. सव्हाना-ला-मारचं वादळ आणि ग्रेट हरिकेन यांचे मार्ग वेगळे दिसतात ते अशा मांडणीमुळे. हाच धागा आपल्याकडे कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने पुढे नेला, बंगालच्या उपसागरातली वादळं घेऊन, आणि सायक्लोन हे नाव त्याचंच, १८४८ च्या त्याच्या खलाशांसाठीच्या पुस्तकातून रूढ झालेलं.

शेजारच्या चित्रांशी गल्लत होते ती टाळावी. रॉबर्ट डॉडची 'रॅमिलीज' बुडतानाची चित्रमालिका या चित्राबरोबर छापतात, पण ते सप्टेंबर १७८२ चं वादळ, अटलांटिकाच्या मध्यावरचं, अॅडमिरल ग्रेव्ह्जचा ताफा इंग्लंडला परतताना, आणि डॉड व्यावसायिक चित्रकार होता, आरमारी अधिकारी नव्हता. त्या वादळानंतर 'हेक्टर' नावाचंही एक जहाज बुडालं, ते फ्रेंचांकडून जिंकलेलं, १७८० मधे डोलकाठ्या गेलेल्या ब्रिटिश 'हेक्टर'शी त्याचा संबंध नाही. नेटवर ही दोन सर्रास एक केलेली सापडतात. डॉडची मालिका क्रमाने गोष्ट सांगते, वादळ आलं, जहाज सोडलं, जाळलं, आणि चित्र म्हणून ती नक्कीच जास्त देखणी आहे. पण पुरावा म्हणून इलियटचं एक चित्र ठेवायचं की डॉडची मालिका, असं विचारलं तर जहाजाच्या बांधणीपुरतं तरी इलियटकडे झुकावंसं वाटतं.

एग्मॉंट स्वतः डेप्टफर्डला बांधलेलं, १७६८ मधे पाण्यात उतरलेलं, आराखडा थॉमस स्लेडचा, त्याच्यासारखं दुसरं जहाज त्या आराखड्यावर झालं नाही. वादळातून ते तरलं, नव्या काठ्या चढल्या, आणि फेब्रुवारी १७९७ मधे केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत स्पॅनिश आरमाराविरुद्ध ते रांगेत होतं. १७९९ मधे मोडीत काढलं.