तान्ह्या बाळाला खेळवणे (ग्रामीण विदर्भ)

जन्मापासून साधारण सव्वा वर्षापर्यंतच्या मुलाशी बोलणे, गाणे, त्याला डोलवणे, हाताळणे आणि घरातल्या साध्या वस्तू त्याच्यापुढे धरणे, व त्यातून त्याच्या इंद्रियांना, स्नायूंना आणि वाचेला चालना देणे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून तेथे ‘लेकरू खेयवनं’ असा उच्चार ऐकू येतो. बुलढाणा ते यवतमाळ हा वऱ्हाडी पट्टा, नागपूर-वर्धा हा नागपुरी पट्टा आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टा. या तिन्हींत खेळ बहुतांशी सारखे आहेत. वेगळेपण आहे ते शब्दांत आणि शेतीच्या हंगामाप्रमाणे खेळासाठी सापडणाऱ्या वेळेत. ब्रिटिश काळात जॉर्ज ग्रियर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या ७ व्या खंडात (१९०५) वऱ्हाडी आणि नागपुरी यांची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. मात्र बाळाशी बोलण्याची खास भाषा हा त्या सर्वेक्षणाचा विषय नव्हता.

शब्दविचार : ‘तान्हा’ या शब्दाची व्युत्पत्ती दोन प्रकारे लावता येते. अंगावर पिणारे ते तान्हे, म्हणून संस्कृत ‘स्तन’, ‘स्तन्य’ यांच्याशी त्याचा संबंध जोडणे अर्थाच्या दृष्टीने सोपे आहे. पण ‘स्तन’पासून मराठीत ‘थान’ आला आणि त्यात महाप्राण (‘ह’सारखा श्वासाचा अंश) शब्दाच्या आरंभी आला. ‘तान्हा’मध्ये तोच महाप्राण शेवटी कसा गेला, याचा खुलासा या मताला करावा लागतो. दुसरा मार्ग ‘तर्ण’, ‘तर्णक’ म्हणजे वासरू या शब्दाकडे जातो. येथेही ‘ह’ कोठून आला हा प्रश्न उरतोच. तरी विदर्भातील वापर पाहता दुसऱ्या मताकडे थोडे झुकते माप द्यावेसे वाटते. येथे शेतकऱ्याच्या तोंडी ‘तान्हं’ हे विशेषण लेकराला आणि वासराला सारख्याच सहजतेने लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडी बैल घेऊन साजरा करायचा सणही ‘तान्हा पोळा’ म्हणूनच ओळखला जातो. या सणाचा आरंभ नागपूरकर भोसल्यांच्या काळात झाला असे परंपरा मानते. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी मोठ्या मुलांचा. पण घरात तो वर्षभर असतो आणि रांगत्या भावंडाच्या हाती पहिले खेळणे म्हणून बरेचदा तोच लागतो.

‘अडगुलं मडगुलं’ या सर्वपरिचित बडबडगीताच्या पहिल्या दोन शब्दांवर याहून अधिक चर्चा झाली आहे. मराठीतील अर्थ न लागणाऱ्या शब्दांची मुळे तमिळमध्ये शोधणारे विश्वनाथ खैरे यांच्यासारखे अभ्यासक अशा शब्दांकडे द्राविड भाषांचे अवशेष म्हणून पाहतात. या मताला भूगोलाचा आधार जरूर आहे. विदर्भात मराठीच्या शेजारी गोंडी आणि कोलामी या द्राविड भाषा आजही बोलल्या जातात. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचे कोलामीवरील पुस्तक (१९५५) वर्धा भागातील बोलीवरच उभे आहे. मात्र याच एमेनोंनी १९५६ मध्ये दाखवून दिले की ‘पाणीबिणी’ यांसारखे प्रतिध्वनी शब्द कोणा एका कुळाचे नसून भारतातील अनेक भाषांनी वाटून घेतलेले लक्षण आहे. म्हणून जोडशब्दाचा घाट दिसला एवढ्यावरून मूळ ठरवता येत नाही. अधिक साधा अर्थ असा की यमक जुळणाऱ्या तीन शब्दांतला अर्थपूर्ण शब्द तिसरा, म्हणजे ‘सोन्याचं कडगुलं’मधला ‘कडगुलं’, बाळाच्या हातातले छोटे कडे. ‘सानुलं’, ‘तान्हुलं’ यांत दिसणारा लघुत्वदर्शक ‘उलं’ त्यात आहे, आणि आधीचे दोन शब्द त्याचीच यमके असावीत. मधला ‘ग’ कोठून आला, याचा खुलासा यानेही होत नाही. तरी प्रस्तुत नोंदीत हेच मत अधिक ग्राह्य मानले आहे, कारण ते बाळाच्या बाजूने जुळते : तीन-चार महिन्यांच्या लेकराला अर्थ नको असतो. तोच नाद, थोड्या फरकाने, पुन्हा यायला हवा असतो.

प्राचीन उल्लेख : चरकसंहितेच्या शारीरस्थान या विभागातील ८ व्या अध्यायात बाळाच्या खेळण्यांचे गुण सांगितले आहेत. खेळणी विविधरंगी, आवाज करणारी, मनोहर, वजनाला हलकी असावीत. ती टोकदार नसावीत, तोंडात शिरतील अशी नसावीत, प्राणावर बेतणारी नसावीत व भीती घालणारी नसावीत. बाळाला भेदरवू नये, हे तेथे पुन्हा स्वतंत्रपणे बजावले आहे. संहितेचा काळ इ. स. पू. २ रे ते इ. स. २ रे शतक यांदरम्यान मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. दृढबल या नंतरच्या संपादकाने पुढे घातलेली भर चिकित्सा, कल्प आणि सिद्धी या स्थानांत असल्याने हा उतारा त्याच्या आधीचा धरावा लागतो. काश्यपसंहिता हा खास बालचिकित्सेचा ग्रंथ. नेपाळातील खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ मध्ये छापला गेला. त्यातही खेळण्यांचे आणि मुलाला जमिनीवर बसवण्याच्या विधीचे वर्णन येते. त्याचा उपलब्ध पाठ वात्स्य याने केलेल्या फेरसंपादनानंतरचा असून तो बहुधा ६ व्या-७ व्या शतकाच्या आसपासचा असावा. या ग्रंथांपासून आजच्या वऱ्हाडी आजीपर्यंत अखंड परंपरा दाखवणे धाडसाचे ठरेल. एवढे मात्र म्हणता येते की तोंडात न मावणारे, हलके आणि वाजणारे ही कसोटी गावच्या वाढयाने (सुताराने) केलेल्या लाकडी खुळखुळ्याला पुरेपूर लागू पडते.

प्रत्यक्ष रीत : टाळ्या, चुटक्या, बुवा-कुक (पदराआड लपून पुन्हा तोंड दाखवणे), तळहातावर बोट टेकवून काखेपर्यंत गुदगुल्या करत नेणे, दोन्ही पायांवर बसवून झुलवणे हे खेळ सर्वांच्या ओळखीचे आहेत. विदर्भाच्या खेड्यात लक्ष द्यावे असे आहे ते त्यांचे स्थान. खेळवण्यासाठी वेगळी वेळ काढलेली नसते. ते दुसऱ्या कामाच्या पोटात येते, आणि बाहेरून येणाऱ्या पाहणाऱ्याला म्हणूनच ते अनेकदा दिसत नाही.

सर्वांत मोठा खेळ न्हाणीत होतो. सव्वा महिन्यापर्यंत आणि पुष्कळदा त्यापुढेही आजी किंवा दाई पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला पायांवर आडवे घेते आणि तीळ, खोबरे किंवा जवसाच्या तेलाने चोळते. उजवा हात डाव्या पायाकडे, डावा हात उजव्या पायाकडे, मग दोन्ही हात छातीवर आणून उघडायचे. हे करताना ती गप्प बसत नाही. “काऊन रडून राह्यला रे बाप्पा? झालं, झालं, पाह्य इकडं”, असे बोलणे चालूच असते. बाळ हुंकारले की ती थांबते, त्याच्याकडे पाहते आणि मग उत्तर देते. संवादातील पाळीपाळीने बोलणे बाळ शिकते ते येथे. पाळण्यात झोपेत बाळ हसले तर ‘सटवाई हसवते’ म्हणतात. ते हसू कोणाकडे पाहून आलेले नसते हे या समजुतीने नेमके हेरलेले आहे. समोरच्या चेहऱ्याला ओळखून दिलेले हसू साधारण ६ ते ८ आठवड्यांनी येते, आणि घरातल्या बाया दोन्ही हसू वेगळी ओळखतात.

हंगाम सुरू झाला की चित्र बदलते. झाडीपट्टीत पावसाळ्यात रोवणी (भाताची लावणी) आणि वऱ्हाडात दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी कापूस वेचणी यांत आई शेतात जाते आणि अंगावर पिणारे लेकरूही बरोबर जाते. बांधावरच्या कडुनिंबाला किंवा बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधतात आणि जवळ एखादी सहा-सात वर्षांची बहीण बसते. वेचणीची मजुरी किलोवर असल्याने आईचा प्रत्येक थांबा पैशात मोजला जातो. म्हणून पाजायला आलेली ती दहा-पंधरा मिनिटे, हीच त्या बाळाची दिवसातली खेळाची वेळ असते. झोळी झोपेसाठी उत्तम. जागे बाळ मात्र तिच्यात फार काळ ठेवू नये. कापडाच्या दोन कडा चेहऱ्यावर येतात, दिसते ती आभाळाची चिंधी, आणि मान व पाठ वापरायला जागा उरत नाही. त्याच सावलीत गोधडीवर थोडा वेळ पालथे घातले आणि पुढ्यात गंजाचे (पातेल्याचे) झाकण ठेवले तर तेच लेकरू मान उचलून पाहते. बहिणीला एवढे सांगितले तरी पुरते, आणि ती ते आनंदाने करते. उन्हाळ्यात अकोला-चंद्रपुराकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा खेळ भल्या सकाळी आणि दिवेलागणीनंतर अंगणात होतो.

सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ बसू लागले की स्वयंपाकघर हेच खेळघर होते. वाटी, पळी, रिकामा गंज, दाणे नसलेले टोपले. पाडलेली वाटी पुन्हा पुन्हा हाती देणे आजीला जमते. सुनेला, हातातल्या कामामुळे, कमी. पहिल्या संक्रांतीच्या बोरन्हाणात बोरे आणि चुरमुरे अंगावरून ओततात, मोठी मुले ते लुटतात. त्या वयाच्या बाळाजवळ बोरे पडू देऊ नयेत. चालू लागताना आधार म्हणून वाढयाकडून तीन चाकांचा पांगुळगाडा करून घेण्याची चाल अजून काही गावांत आहे. त्यात मूल मागे उभे राहून स्वतः ढकलते. बाजारी वॉकरमध्ये ते लोंबते. या फरकामुळे पांगुळगाडा बरा.

वाढीशी संबंध : नवजात बाळाला २० ते ३० सेंमी. अंतरावरचे सर्वांत स्पष्ट दिसते. पाजताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान सावरते, त्यानंतर वस्तूकडे हात जातो, सहा ते आठ महिन्यांत आधाराशिवाय बसणे येते, नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि बोट यांची चिमूट जमते. बुवा-कुकच्या खेळावर मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९७६ मध्ये लिहिले आणि त्यात संवादाचे नियम शोधले. पदराआड गेलेली आई अजून आहे हे बाळाला केव्हा कळते, याविषयी मात्र मतभेद आहेत. झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी ही समज साधारण आठव्या महिन्यापासूनची मानली. १९८० च्या दशकातील प्रयोगांत बाळांच्या टक लावून पाहण्याची वेळ मोजली, तेव्हा तिच्या खुणा साडेतीन ते पाच महिन्यांत दिसल्या. हात घालून शोधणे आणि मनाने जाणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे धरले तर दोन्ही मते एकत्र नांदू शकतात.

खेळ आणि खुरटलेपणा (वयाच्या मानाने उंची कमी राहणे) यांविषयीचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा जमैकातला आहे. किंग्स्टनमधील ९ ते २४ महिने वयाच्या १२९ खुरटलेल्या मुलांपैकी काहींच्या घरी दोन वर्षे दर आठवड्याला कार्यकर्त्या गेल्या आणि त्यांनी आईला घरगुती खेळण्यांनी खेळवायला शिकवले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या मुलांची बौद्धिक वाढ पुढे गेलेली आढळली. वयाच्या २२ व्या वर्षी त्यांची कमाई न खेळवलेल्या गटापेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होती (२०१४). मेळघाटासारख्या भागात कुपोषणाची चर्चा वजनकाट्यापाशी थांबते, तिने हा पुरावा जरूर पाहावा. अन्न लागतेच, पण अन्नाबरोबर कोणीतरी उत्तर देणारेही लागते.

खबरदारी : बाळाला हवेत उडवणे, हिसडे देऊन हलवणे, हात धरून उचलणे टाळावे. सुटे मणी, कवड्या, घुंगरू आणि गळ्यातला लांब दोरा धोक्याचे. नाकाकानात तेल घालू नये. बाळाने तोंड फिरवले, जांभई दिली की खेळ पुरे.

शासकीय प्रयत्न : एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडीतले शिक्षण ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी असल्याने तान्ह्या बाळापर्यंत पोहोचण्याचा मार्ग गृहभेटीचाच राहिला. २०१८ पासूनच्या कार्यक्रमात आशा कार्यकर्तीने बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत घरी जाऊन आहाराबरोबर खेळ आणि संवाद यांविषयीही सांगायचे असते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि अंगणवाडी यंत्रणेसह ‘आरंभ’ हा उपक्रम याच हेतूने राबवला. २०२४ मध्ये केंद्राने ‘नवचेतना’ ही जन्म ते तीन वर्षे वयासाठीची चौकट आणली. तिच्यात ३६ महिन्यांच्या दिनदर्शिकेत १४० कृती दिल्या आहेत.

मेळघाटातील कोरकू (मुंडा कुळ), तसेच गोंड आणि कोलाम वस्त्यांत बाळाशी बोलणे आपापल्या भाषेत चालते. तेथे मराठी बडबडगीते छापलेली पत्रके वाटण्यापेक्षा आईच्याच भाषेतली गाणी गृहभेटीत म्हटली जावीत.