राजाच्या सहीचं काय करायचं? राजपद सोलत नेण्याचा तीनशे वर्षांचा इतिहास

एप्रिल १९९० मध्ये बेल्जियमला दीडेक दिवस राजा नव्हता. राजे बोदुआँ जिवंत होते, धडधाकट होते, गादीही कुणी बळकावली नव्हती. झालं होतं असं, की २९ मार्चला संसदेने गर्भपाताला मर्यादित परवानगी देणारा कायदा मंजूर केला आणि बोदुआँ पडले कट्टर कॅथलिक. त्यांनी पंतप्रधान विल्फ्रिड मार्टेन्स यांना पत्र लिहून कळवलं, की यावर सही करणं माझ्या मनाला पटत नाही. मात्र माझ्यापायी संसदेचं कामही अडू नये.

सरकारने राज्यघटनेतलं ८२वं कलम शोधून काढलं. राजा राज्य करायला असमर्थ ठरला तर त्याचे अधिकार मंत्रिमंडळाकडे जातात, अशी ती तरतूद होती आणि ती लिहिताना डोळ्यांसमोर होतं गंभीर आजारपण. मंत्रिमंडळाने राजाला ‘असमर्थ’ ठरवलं, मंत्र्यांनीच कायद्यावर सह्या केल्या, आणि ५ एप्रिलला संसदेने असमर्थता संपल्याचं जाहीर केलं. राजे पुन्हा कामावर.

हा प्रकार थोडा हास्यास्पद वाटतो, पण आधुनिक देशाला राजघराणं हवं की नको या वादाची खरी गोम त्यातच आहे. राजाला सही नाकारता येत नसेल तर ती सही हवी कशाला? आणि नाकारता येत असेल, तर निवडून आलेल्या संसदेला अर्थ काय? लक्झेंबर्गने २००८ मध्ये ही गाठ सरळ कापली. ग्रँड ड्यूक आंरी यांनी इच्छामरणाच्या कायद्याला संमती द्यायला नकार दिला, तेव्हा ड्यूक कायद्याला ‘संमती देतात आणि तो जारी करतात’ या घटनेतल्या शब्दांतली ‘संमती’ मार्च २००९ मध्ये काढून टाकण्यात आली. तेव्हापासून तिथले ड्यूक कायदा फक्त जारी करतात.

राजपद हे एक काम नव्हेच. कायद्यावर सही, पंतप्रधानाची नेमणूक, संसद विसर्जित करणं, सैन्याचं सर्वोच्च पद, परदेशी राजदूतांचं स्वागत आणि वर समारंभ, अशी पाच-सहा निरनिराळी कामं एका माणसाच्या गळ्यात पडलेली असतात. गेली तीनशे वर्षं ती एकेक करून काढली गेली. कुठे कोणतं आधी निघालं, यावरच त्या त्या घराण्याचं भवितव्य ठरत गेलं.

इंग्लंडमध्ये सुरुवात पैशांपासून झाली. १६८९ च्या हक्कांच्या सनदेने संसदेच्या परवानगीशिवाय कर बसवणं आणि शांततेच्या काळात सैन्य बाळगणं राजाला बंद केलं. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला नकार देण्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा. राणी ॲनने स्कॉटलंडच्या नागरी सैन्याचं विधेयक अडवलं, तेही मंत्र्यांच्याच सल्ल्याने. १७६० मध्ये तिसऱ्या जॉर्जने राजगादीच्या जमिनींचं उत्पन्न सरकारजमा केलं आणि बदल्यात वर्षाला ८ लाख पौंडांचा तनखा घेतला. त्या रकमेतून फक्त राजवाडा चालवायचा नव्हता; न्यायाधीश आणि राजदूतांचे पगारही त्यातूनच जायचे. रक्कम पुरली नाही. १७६९ आणि पुन्हा १७७७ मध्ये कर्जं फेडून घेण्यासाठी राजाला संसदेच्या दारात जावं लागलं. मदत मिळाली, पण त्यामागून हिशेब तपासण्याचा हक्कही आला. राजाची सत्ता एखाद्या रणांगणावर जितकी गेली, त्याहून जास्त या खतावण्यांमध्ये गेली असं म्हणायला हरकत नाही.

आजची व्यवस्था त्याच सौद्याची सुधारलेली आवृत्ती आहे. २०११ च्या कायद्याने जुना तनखा रद्द झाला आणि २०१२ पासून ‘सॉव्हरिन ग्रँट’ हे अनुदान सुरू झालं. हिशेब असा: क्राउन इस्टेट या मालमत्तेचा सगळा नफा सरकारी तिजोरीत जातो, आणि दोन वर्षांपूर्वीच्या नफ्याच्या ठराविक टक्क्यांइतकी रक्कम राजवाड्याला मिळते. आधी १५ टक्के. मग बकिंगहॅम राजवाड्याच्या जुनाट वायरिंग आणि नळकामाच्या १० वर्षांच्या ३६.९ कोटी पौंडांच्या दुरुस्तीसाठी २५ टक्के. पुढे समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या भाडेपट्ट्यांमुळे नफा फुगल्यावर १२ टक्के. यात एक खुंटी मारून ठेवली आहे: नफा घसरला तरी अनुदान आदल्या वर्षीपेक्षा कमी होत नाही. पोलिस बंदोबस्ताचा खर्च या आकड्यात धरलेला नसतो, आणि डची ऑफ लँकेस्टर या जहागिरीचं उत्पन्न राजाला वेगळं मिळतं. म्हणून ‘राजघराण्यावर एवढा खर्च होतो’ असा आकडा कुणी तोंडावर फेकला, की त्यात काय धरलं आणि काय वगळलं हे आधी विचारावं. दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीने बेरीज करतात. ‘जमिनी राजाच्याच, म्हणजे तोच देशाला पोसतो’ हा युक्तिवादही तितकाच लंगडा. त्या जमिनी राजाच्या खाजगी मालकीच्या नाहीत. उद्या राजपद गेलं तर त्या घराण्याकडे जातील असं गृहीत धरायला आधार नाही.

युरोपात १९१४ साली प्रजासत्ताकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती: फ्रान्स, स्वित्झर्लंड, नुकताच राजा घालवलेला पोर्तुगाल, चिमुकलं सान मरिनो. पुढच्या आठ वर्षांत रशियाचा झार, जर्मनीचा कैसर, ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट आणि ऑटोमन सुलतान असे चौघे गेले. ते युद्ध हरल्यामुळे किंवा युद्धाच्या ओझ्याखाली कोसळले. त्यांच्यापेक्षा नंतर गेलेल्यांकडे बघितलं तर जास्त कळतं. इटलीत ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीचे लोक रोमवर चालून येत असताना पंतप्रधानाने आणीबाणीचा हुकूम सहीसाठी पुढे केला आणि तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने सही केली नाही. दोन-तीन दिवसांत मुसोलिनी पंतप्रधान झाला. ही न केलेली सही चोवीस वर्षांनी अंगाशी आली. मे १९४६ मध्ये राजाने मुलासाठी गादी सोडली, पण २ जूनच्या सार्वमतात साधारण १.२७ कोटी मतं प्रजासत्ताकाला आणि १.०७ कोटी राजपदाला पडली. ग्रीसचे राजे कॉन्स्टन्टाइन यांनी एप्रिल १९६७ मध्ये उठाव करणाऱ्या कर्नलांच्या सरकारला शपथ दिली, डिसेंबरात त्यांच्याविरुद्ध फसलेला प्रतिउठाव केला आणि देश सोडला. १९७४ मध्ये लोकशाही परतली तेव्हा सुमारे ६९ टक्के मतदारांनी त्यांना परत बोलावायला नकार दिला. नेपाळमध्ये ज्ञानेंद्र यांनी १ फेब्रुवारी २००५ रोजी सगळी सत्ता स्वतःच्या हाती घेतली. २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली.

याच्या उलट नॉर्वे. १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळं झाल्यावर नॉर्वेने डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल याला गादी देऊ केली. त्याने अट घातली, की आधी लोकांना विचारा. सार्वमतात सुमारे ७९ टक्के बाजूने पडले आणि तो हाकोन सातवा झाला. एप्रिल १९४० मध्ये चढाई करून आलेल्या जर्मनांनी क्विसलिंग या नॉर्वेतल्या नाझीधार्जिण्या नेत्याला पंतप्रधान नेमण्याचा आग्रह धरला, तेव्हा हाकोनने मंत्र्यांना सांगितलं, की निर्णय तुमचा; पण मानणार असाल तर मी गादी सोडतो. मंत्रिमंडळ त्याच्या पाठीशी राहिलं. स्पेनमध्ये २३ फेब्रुवारी १९८१ च्या संध्याकाळी उठाव करणारे सशस्त्र गार्ड संसदेत घुसले, वालेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर राजे हुआन कार्लोस लष्करी गणवेशात दूरदर्शनवर येऊन घटनेच्या बाजूने उभे राहिले. राजपदाचे समर्थक हे उदाहरण हमखास देतात. मात्र त्याच राजांना २०१४ मध्ये पायउतार व्हावं लागलं आणि २०२० मध्ये पैशांच्या व्यवहारांच्या चौकशांच्या सावटाखाली देशाबाहेर जावं लागलं. म्हणजे पुण्याई कमावली तरी ती संपतेही.

बेल्जियमचं १९५० हे याहून अवघड प्रकरण. युद्धात जर्मनांना शरण गेलेल्या तिसऱ्या लिओपोल्डला परत घ्यायचं का, असा कौल घेतला. देशभरात सुमारे ५८ टक्के ‘हो’ म्हणाले. पण डचभाषक फ्लँडर्समध्ये ७२ टक्के, फ्रेंचभाषक वालोनियात ४२. राजा परतला आणि वालोनियात संप, दंगे, गोळीबारात माणसं मेली. लिओपोल्डला अधिकार मुलाकडे सोपवावे लागले. तो मुलगा म्हणजे पुढचे राजे बोदुआँ.

राहिलं पंतप्रधान नेमण्याचं काम. स्पष्ट बहुमत असेल तेव्हा ते कारकुनी असतं. नसेल तेव्हा ते देशातलं सगळ्यात नाजूक काम ठरतं. स्वीडनने ते राजाकडून पूर्ण काढून घेतलं. १९७१ मध्ये तोरेकोव या गावी पक्षांनी तडजोड केली: राजा राहील, अधिकार राहणार नाहीत. १ जानेवारी १९७५ पासून तिथे कायद्यावर राजाची सही लागत नाही आणि पंतप्रधानाचं नाव सभापती सुचवतात. मतदानाची रीत उफराटी आहे. उमेदवाराला बहुमत मिळावं लागत नाही, त्याच्याविरुद्ध बहुमत नसलं की पुरे. ३४९ पैकी १७५ विरोधात गेले तर नाव पडतं, आणि चार नावं पडली की तीन महिन्यांत निवडणूक. नोव्हेंबर २०२१ मध्ये मॅग्डालेना अँडरसन यांना ११७ मतं मिळाली, १७४ विरोधात गेली, ५७ तटस्थ राहिले, आणि त्या निवडून आल्या. त्याच दिवशी सहकारी पक्ष सरकारबाहेर पडला, त्यांनी राजीनामा दिला आणि पाच दिवसांनी पुन्हा त्याच रीतीने त्या निवडून आल्या. या साऱ्या धांदलीत राजाला काहीच ठरवायचं नव्हतं. नेदरलँड्सनेही २०१२ मध्ये सरकार जुळवण्याच्या वाटाघाटींतून राणीला बाजूला केलं, आणि घटनेला हात न लावता, फक्त कनिष्ठ सभागृहाच्या कामकाजाचे नियम बदलून.

मग अधिकारच उरले नसतील तर राजा हटवणं सोपं असायला हवं. ऑस्ट्रेलियाला ते जमलं नाही. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी ब्रिटनच्या राणीचे (तीच ऑस्ट्रेलियाचीही राणी) प्रतिनिधी, गव्हर्नर-जनरल जॉन कर यांनी निवडून आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केलं होतं, कारण सिनेटने अर्थसंकल्प अडवून धरला होता. ती जखम असूनही ६ नोव्हेंबर १९९९ च्या सार्वमतात प्रजासत्ताक ४५ विरुद्ध ५५ टक्क्यांनी हरलं. एकाही राज्याने कौल दिला नाही. प्रस्ताव असा होता, की राष्ट्राध्यक्ष संसदेच्या दोन-तृतीयांश मतांनी निवडायचा आणि पंतप्रधान त्याला कधीही काढू शकेल. थेट निवडणूक हवी असलेल्या प्रजासत्ताकवाद्यांना हे मान्य नव्हतं, त्यातले कित्येक राजपदाच्या समर्थकांसोबत ‘नाही’ म्हणून मोकळे झाले. राणी नको यावर एकमत होऊ शकलं असतं. तिच्या जागी कोण, यावर झालं नाही. बार्बाडोसने हाच खड्डा चुकवला. तिथे संसदेनेच घटना दुरुस्त केली, गव्हर्नर-जनरल सँड्रा मेसन यांनाच ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडलं आणि ३० नोव्हेंबरला देश प्रजासत्ताक झाला. खुर्ची तीच, बसणारी व्यक्ती तीच, फक्त पाटी बदलली. सार्वमत मात्र घेतलं नाही, आणि ती टीका रास्त आहे.

भूतानने २००८ च्या घटनेत राजाचं निवृत्तीचं वय ६५ ठरवून दिलं. लिक्टेनस्टाइनने २००३ मध्ये आपल्या राजपुत्राचे (तिथे राज्यप्रमुखालाच राजपुत्र म्हणतात) अधिकार वाढवले, पण त्याच दुरुस्तीत राजेशाही रद्द करण्याची रीतही लिहून ठेवली.

हे सगळं कायद्याचं झालं. राजपदाला कायद्याखेरीज कुटुंबही लागतं, आणि तिथे जपानची अडचण सुरू होते. ३ मे १९४७ च्या घटनेने सम्राटाला राष्ट्राचं प्रतीक म्हटलं आणि कारभाराचे सगळे अधिकार काढून घेतले, त्यामुळे सहीचा तंटा तिथे उद्भवतच नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात ११ उपशाखांतल्या ५१ जणांना राजघराण्यातून कमी केलं, आणि वारसा फक्त पुरुषाकडून पुरुषाकडे जाईल हा नियम तसाच ठेवला. राजकन्येने सामान्य माणसाशी लग्न केलं की ती घराण्याबाहेर. नारुहितो २०१९ मध्ये सम्राट झाले तेव्हा वारस उरले तीन: भाऊ अकिशिनो, पुतण्या हिसाहितो आणि १९३५ मध्ये जन्मलेले काका हिताची. २०२१ मध्ये सरकारच्या तज्ज्ञ समितीने दोन वाटा सुचवल्या: लग्नानंतरही राजकन्यांना घराण्यात राहू द्यावं, किंवा १९४७ मध्ये कमी केलेल्या शाखांतले पुरुष दत्तक घ्यावेत. स्वीडनने असाच नियम १९८० मध्ये बदलून थोरल्या मुलीला वारस केलं, आणि सात महिन्यांच्या युवराजाचा मान त्याच्या अडीच वर्षांच्या बहिणीकडे गेला. जपानच्या समितीने मुलीला गादी देण्याच्या प्रश्नाला हात घातला नाही. २००६ मध्ये जन्मलेले हिसाहितो हे त्या पिढीतले एकमेव पुरुष वारस आहेत.