वंशशोध, पॅरिश नोंदवह्या व जुन्या मृत्युपत्रांवरून (इंग्लंड)

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधीच्या तीनशे वर्षांत होऊन गेलेल्या सामान्य माणसाचे कुटुंब शोधायचे असेल, तर मुख्य भिस्त दोन प्रकारच्या कागदपत्रांवर ठेवावी लागते : गावोगावच्या चर्चने ठेवलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या आणि चर्चच्याच न्यायालयांत शाबीत झालेली मृत्युपत्रे. एका चर्चच्या आणि त्याच्या पाद्र्याच्या अखत्यारीतील गावाला किंवा वस्तीला पॅरिश म्हणतात. मोठ्या शहरात अशा अनेक पॅरिश असत. नोंदवही प्रसंग व तारीख सांगते, पण माणसांचे परस्परांशी असलेले नाते फारसे सांगत नाही. मृत्युपत्रात नाती मोकळेपणाने येतात, मात्र कोण केव्हा जन्मले याचा पत्ता त्यातून लागत नाही. म्हणून यांपैकी एकाच साधनावर उभारलेली वंशावळ कच्ची समजावी. एकाने सुचवलेले दुसऱ्याने पडताळून पाहणे हाच या शोधपद्धतीचा गाभा होय.

आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये काढलेल्या आदेशाने या नोंदवह्यांचा आरंभ झाला. पाद्र्याने आठवडाभरातील बाप्तिस्मे, विवाह व दफने दर रविवारी चर्चवॉर्डनांसमक्ष (म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांसमक्ष) वहीत उतरवावीत आणि वही कुलूपबंद पेटीत ठेवावी, असे त्यात बजावले होते. सुरुवातीच्या बहुतेक वह्या कागदाच्या होत्या आणि त्या लवकर जीर्ण झाल्या. १५९८ मध्ये सर्व जुन्या नोंदी चर्मपत्राच्या वह्यांत नकलून घेण्याचा हुकूम निघाला, परंतु ‘विशेषतः राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षापासून’ अशी पुस्ती त्याला जोडलेली असल्याने अनेक पाद्र्यांनी १५५८ पूर्वीची पाने नकललीच नाहीत. आज कितीतरी पॅरिशच्या वह्या नेमक्या १५५८ पासून सुरू होतात त्या यामुळे. याच हुकुमाने प्रत्येक पॅरिशने वर्षभरातील नोंदींची एक प्रत बिशपच्या कचेरीत पाठवण्याची रीत पडली. बिशपच्या प्रती म्हणून ओळखली जाणारी ही पाने वंशशोधकाला अतिशय मोलाची वाटतात, कारण मूळ वही जळली, भिजली किंवा हरवली तरी तेवढी वर्षे हाती लागू शकतात. आणि दोन्ही उपलब्ध असतील तर एकीत गाळलेले नाव दुसरीत सापडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यामुळे मूळ वही मिळाली म्हणून प्रत पाहण्याचे टाळू नये.

जुन्या नोंदींची त्रोटकता हा या साधनाचा सर्वांत मोठा दोष आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुधा मुलाचे व बापाचे नाव एवढेच असते. आईचे नाव येईलच असे नाही. दफनाच्या नोंदीत तर नुसते नाव असते, आणि मेलेला जॉन हा आजोबा, बाप की नातू हे ठरवायला काहीच आधार उरत नाही. विवाहाच्या नोंदींना कायद्याची चौकट लाभली ती लॉर्ड हार्डविक यांच्या १७५३ च्या विवाह कायद्याने. २५ मार्च १७५४ पासून विवाहांची वेगळी वही आली आणि तीत वधूवरांची व दोन साक्षीदारांची सही किंवा निशाणी घेणे बंधनकारक झाले. साक्षीदारांची नावे वरवर किरकोळ वाटतात, पण त्यांत वधूचा भाऊ किंवा वराची विवाहित बहीण अनेकदा दडलेली असते. पुढे १८१२ चा कायदा झाला आणि १८१३ पासून छापील रकाने आले : बाप्तिस्म्यात आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण व बापाचा व्यवसाय, तर दफनात राहण्याचे ठिकाण व वय. वय मिळू लागल्याने १८१३ नंतरची दफनाची नोंद मागच्या शतकातील बाप्तिस्म्याशी जोडता येते. हे वय मात्र नातेवाइकांनी सांगितलेले असते, तेव्हा त्यात दोनचार वर्षांचा फरक धरूनच चालावे.

वह्यांत खंडही आहेत. १६४२ मध्ये यादवी युद्ध पेटल्यापासून १६६० मधील राजसत्तेच्या पुनःस्थापनेपर्यंत अनेक ठिकाणी नोंदी तुटक आहेत. १६५३ च्या कायद्याने तर नोंदणीचे काम पाद्र्याकडून काढून निवडलेल्या अधिकाऱ्याकडे दिले आणि विवाह न्यायाधीशापुढे लावण्याची सक्ती केली. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता व निर्धनांना त्यातून सूट होती, म्हणून त्या वर्षांत ‘निर्धन’ असा शेरा दिसला तरी तो शब्दशः घेता येत नाही. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरील पंथांची कुटुंबे बाप्तिस्म्याच्या वहीतून गायब असतात. तीच १७५४ ते १८३७ दरम्यान विवाहाच्या वहीत मात्र भेटतात, कारण क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) व ज्यू यांखेरीज सर्वांना त्या काळात पॅरिश चर्चमध्येच लग्न करावे लागे. शिवाय बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. लहानमोठ्या चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेला आढळतो आणि तारखेवरून त्यांना जुळी ठरवण्याची चूक सहज घडते.

मृत्युपत्रांची वाट याहून गुंतागुंतीची आहे. १२ जानेवारी १८५८ पासून मृत्युपत्रे सरकारी न्यायालयाकडे गेली. तत्पूर्वी ती चर्चच्या न्यायालयांत शाबीत होत आणि अशी न्यायालये शेकड्यांनी मोजावी लागतील इतकी होती. सर्व मालमत्ता एका आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालील धर्माधिकाऱ्याच्या हद्दीत असेल तर त्याचे न्यायालय, हद्द ओलांडत असेल तर बिशपचे न्यायालय, आणि पाच पौंडांहून अधिक किमतीची मालमत्ता दोन बिशपांच्या प्रदेशांत पसरली असेल तर कँटरबरी किंवा यॉर्क येथील आर्चबिशपचे श्रेष्ठ न्यायालय, असा सर्वसाधारण क्रम होता. कँटरबरीच्या न्यायालयाची दप्तरे १३८४ पासूनची असून ती लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. यॉर्कची दप्तरे यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक संस्थेत आहेत. परदेशात किंवा समुद्रावर मेलेल्यांची मालमत्ताही कँटरबरीकडे येत असे, त्यामुळे गरीब खलाशाचे मृत्युपत्र गावच्या न्यायालयात न सापडता तिथे सापडू शकते. बहुतेक वेळा वाचकासमोर येते ती न्यायालयाच्या कारकुनाने मोठ्या वहीत उतरवलेली नक्कल. मूळ कागद उपलब्ध असेल तर तोही पाहावा, कारण सही, निशाणी आणि खाडाखोड त्यावरच राहते.

मृत्युपत्र नसतानाही वारसांना मालमत्तेच्या व्यवस्थेचा परवाना घ्यावा लागे. त्याच्या हमीपत्रात विधवेचे किंवा मुलाचे नाव मिळते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या मृत्युपत्रांसोबत घरातील चीजवस्तूंची किमतीसह यादी जोडलेली असते. शेजाऱ्यांनी खोल्याखोल्यांतून फिरून केलेल्या या यादीत पितळी भांडी, गाद्या, कोठारातले धान्य, गोठ्यातली गुरे आणि येणे कर्ज असे सारे काही येते. पूर्वजाच्या राहणीचे इतके जवळून दर्शन दुसऱ्या कोणत्याही कागदातून होत नाही.

मृत्युपत्र करणारे समाजात थोडेच होते. भूमिहीन मजुराला ते करण्याचे कारण नसे, आणि विवाहित स्त्रीला १८८२ चा मालमत्ता कायदा होईपर्यंत ते साधारणतः पतीच्या संमतीनेच करता येई. म्हणून स्त्रियांची जुनी मृत्युपत्रे बहुतेक विधवांची व अविवाहितांची आहेत, आणि वंशशोधासाठी तीच सर्वांत समृद्ध ठरतात. बापाचे मृत्युपत्र बायकोमुलांपाशी थांबते. अविवाहित आत्या मात्र प्रत्येक भाच्या-पुतण्यांना नावानिशी काही ना काही ठेवते, पुतणीच्या नवऱ्याचे नाव व गाव सांगते, आणि एकाच कागदात तीन पिढ्या बांधून देते. याउलट बापाच्या मृत्युपत्रात थोरल्या मुलाचे नाव नसेल तर तो मेला होता किंवा त्याला डावलले होते, असे म्हणता येत नाही. जमीन त्याला आधीच मिळालेली असू शकते.

विल्यम शेक्सपिअरच्या घराण्याच्या कागदपत्रांत ही पद्धत कशी चालते आणि कुठे अडते, हे स्पष्ट दिसते. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथील होली ट्रिनिटी चर्चच्या वहीत २६ एप्रिल १५६४ रोजी ‘जॉन शेक्सपिअरचा मुलगा विल्यम’ अशा अर्थाची त्रोटक लॅटिन नोंद आहे. तीत आईचे नाव नाही की जन्माचा दिवस नाही. २३ एप्रिल हा जन्मदिवस नंतरच्या लोकांनी अंदाजाने ठरवला. ही वहीसुद्धा मूळची नसून १५९८ च्या हुकुमानंतर केलेली नक्कल आहे. त्याच्या विवाहाची नोंद कोणत्याच पॅरिशच्या वहीत मिळालेली नाही. वुस्टरच्या बिशपच्या दप्तरात २७ नोव्हेंबर १५८२ रोजी विवाहाच्या परवान्याच्या नोंदीत वधू ‘टेंपल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हेटली’ आहे, तर दुसऱ्या दिवशीच्या हमीपत्रात ती ‘स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे’ आहे. बहुतेक अभ्यासक पहिले नाव कारकुनाच्या हातून झालेली चूक मानतात. तिच्या वडिलांच्या १५८१ च्या मृत्युपत्रात मुलीचे नाव ‘अ‍ॅग्नेस’ आहे. त्या काळी अ‍ॅन आणि अ‍ॅग्नेस ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जात.

शेक्सपिअरचे स्वतःचे मृत्युपत्र २५ मार्च १६१६ चे आहे. त्याचे दफन २५ एप्रिलला झाले आणि २२ जूनला कँटरबरीच्या न्यायालयात मृत्युपत्र शाबीत झाले. पत्नीला दुसऱ्या क्रमांकाचा पलंग दिल्याची ओळ त्यात आहे, पण तिचे नाव कुठेही नाही. केवळ या कागदावरून ती कोण हे कळणार नाही. बहीण जोन हार्ट हिच्या तीन मुलांना प्रत्येकी पाच पौंड ठेवले आहेत, मात्र मधल्या मुलाच्या नावाची जागा कोरी आहे. स्ट्रॅटफर्डची वही उघडली की तिथे थॉमस हे नाव भरता येते. एलिझाबेथ हॉल हिचा उल्लेख पुतणी किंवा भाची या अर्थी आजकाल वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दाने आला आहे. ती प्रत्यक्षात सुझॅना या मुलीची मुलगी, म्हणजे नात. सुझॅनाचा विवाह वहीत जून १६०७ मध्ये आणि एलिझाबेथचा बाप्तिस्मा २१ फेब्रुवारी १६०७ रोजी नोंदलेला आहे, आणि ते वाचून मूल लग्नाआधीचे असल्याचा समज होईल. परंतु १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून तो फेब्रुवारी आजच्या गणनेने १६०८ चा, लग्नानंतर आठ महिन्यांहून अधिक काळाने आलेला आहे.

इतके कागद शाबूत असलेले घराणे विरळा. सामान्य शोधात खरी अडचण नाव सापडत नाही ही नसून एकाच नावाची माणसे अनेक सापडतात ही असते. जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, एलिझाबेथ अशा मोजक्या नावांवर पिढ्यान्पिढ्या गेल्या, आणि चुलत भावांनी आजोबांचेच नाव आपापल्या मुलाला ठेवले की एका गावात एका वयाचे तीन जॉन उभे राहतात. जुळणारा बाप्तिस्मा मिळताच तो आपलाच पूर्वज मानून पुढे जाण्याचा मोह फार मोठा असतो, आणि चुकीच्या वंशावळींपैकी पुष्कळ याच ठिकाणी जन्म घेतात. त्यावर उपाय असा, की प्रत्येक उमेदवाराचा पुढे माग काढायचा. तान्हेपणी दफन झाले असेल तर तो बाद होतो. दुसऱ्या स्त्रीशी विवाह करून त्याच गावात मुले झाली असतील तर तोही बाद होतो. शेजारच्या पॅरिशच्या वह्याही पाहाव्या लागतात, कारण लग्न पुष्कळदा वधूच्या गावी लागे. उरलेल्या उमेदवारांत निवाडा करण्याची वेळ आली की मृत्युपत्र उपयोगी पडते : ज्या बापाने मुलगा जॉन, सून मार्था आणि नातू एडवर्ड यांना एका वाक्यात नावानिशी सांगितले, त्याच्याबद्दल शंका उरत नाही.

अभ्यासकाला जुनी अक्षरे वाचण्याचीही तयारी ठेवावी लागते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील वळणदार लिपीत आजच्या वाचकाला अक्षरे ओळखू येत नाहीत, आणि १७३३ पूर्वीच्या वह्यांत लॅटिन पुष्कळ असल्याने जेम्स ‘याकोबुस’ व विल्यम ‘गुलिएल्मुस’ होऊन येतो. आडनावांचे लेखन स्थिर नसे. एका माणसाचे आडनाव एकाच मृत्युपत्रात दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. संगणकीय सूचींमुळे शोध वेगवान झाला असला, तरी सूची म्हणजे कोणीतरी केलेले वाचन असते. मूळ पानाची प्रतिमा पाहिल्याशिवाय नोंद ग्राह्य धरू नये.

१९७८ च्या नियमानंतर जुन्या पॅरिश वह्या साधारणतः परगण्याच्या अभिलेखागारात आल्या असून त्यांच्या प्रतिमा मोठ्या प्रमाणात पाहायला मिळतात. मृत्युपत्रांचे नशीब मात्र सर्वत्र सारखे नाही. मे १९४२ मधील बॉम्बहल्ल्यात एक्झिटर येथील दप्तर जळाले आणि डेव्हन व सॉमरसेट या परगण्यांची बहुतेक मूळ मृत्युपत्रे नष्ट झाली. तिथल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्याला जुन्या अभ्यासकांनी आगीपूर्वी काढलेली टिपणे आणि मालमत्ता-कर खात्याने १८१२ नंतर स्वतःसाठी करून घेतलेल्या मृत्युपत्रांच्या नकला यांवर काम चालवावे लागते.