कोल्हापूर–तिरुपती हवाई अंतर

कोल्हापूर (उजळाईवाडी) व तिरुपती (रेणिगुंटा) या दोन विमानतळांमधील सरळ अंतर. ते सु. ६५७ किमी. भरते. कोल्हापूर विमानतळ सु. १६° ४०' उ. अक्षांश व ७४° १७' पू. रेखांशावर, तर तिरुपती विमानतळ सु. १३° ३८' उ. व ७९° ३३' पू. येथे आहे. मार्गाची दिशा आग्नेय असून त्याचा मध्यबिंदू बळ्ळारीच्या आसपास पडतो.

या अंतराचे आकडे निरनिराळे आढळतात. पृथ्वी गोल मानली किंवा ध्रुवांशी चपटी मानली, तरी इतक्या अंतरावर फरक नगण्य राहतो. मोजणी विमानतळांपासून केली की शहरांच्या मध्यापासून, यानेही चार-पाच किमी.च इकडेतिकडे होतात. खरा घोळ एककांचा आहे. हेच अंतर साध्या मैलांत सु. ४०८, तर वैमानिक वापरतात त्या नाविक मैलांत (१ नाविक मैल = १.८५२ किमी.) सु. ३५५ भरते आणि पुष्कळ ठिकाणी नुसते ‘मैल’ छापलेले असते.

उड्डाणकाळाबाबतही सावधगिरी हवी. ताशी ८०० किमी. वेग धरला, तर पन्नास मिनिटे निघतात. मात्र हा वेग मोठ्या जेट विमानांचा आहे. प्रादेशिक मार्गांवर सर्रास वापरले जाणारे एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ताशी सु. ५०० किमी. वेगाने जाते, म्हणजे केवळ अंतर कापायलाच सु. एक तास वीस मिनिटे लागतात. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण व वळसे मिळवले की वेळापत्रकातील दीड तास किंवा थोडा अधिक काळ सयुक्तिक ठरतो.

कोल्हापूरची धावपट्टी संस्थानी काळातील असून तिचा आरंभ सामान्यतः १९३९ च्या सुमारास, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत, मानला जातो. तिरुपतीची थेट सेवा ‘उडान’ योजनेखाली २०१९ मध्ये सुरू झाली. थेट विमान नसेल तेव्हा हैदराबादमार्गे जाता येते. त्या मार्गाने हवाई अंतर सु. ८६० किमी. होते. रेल्वेची हरिप्रिया एक्सप्रेस मिरज, बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल अशी जाऊन सु. वीस तास घेते.

या मार्गाला प्रवासी मिळतात ते मुख्यतः देवदर्शनाचे. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारल्याने रुसलेली लक्ष्मी करवीरास आली व विष्णू वेंकटाचलावर राहिला, अशी कथा आहे. तिरुपतीचे दर्शन अंबाबाईच्या दर्शनाशिवाय पुरे होत नाही, ही श्रद्धा तिच्याशी जोडली जाते. नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून देवीला शालू येतो. अंबाबाई ही विष्णुपत्नी की शिवशक्ती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मूर्तीच्या मस्तकावरील नाग व लिंग आणि जवळचा सिंह पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. विष्णुपत्नी हे रूप उत्तरकाळी दृढ झाले असावे. भाविकांच्या येण्याजाण्यावर मात्र या वादाचा परिणाम झालेला दिसत नाही.

तिरुपती विमानतळ शहरापासून सु. १५ किमी.वर आहे, तिरुमलाचा घाटरस्ता त्यापुढे.