घोड्याची झूल आणि साबणाचा घोळ

ब्रिटन-आयर्लंडमध्ये अनेक घोडे हिवाळाभर कुरणातच असतात, धो धो पाऊस असला तरी. अंगावर जलरोधक झूल असते: बाहेरून पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे दणकट कापड, त्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ लेप, मध्ये उबेसाठी भरण. थंडी सरली की ती धुवायला निघते. आणि घसघशीत पावडर घालून लख्ख केलेली तीच झूल पुढच्या पावसात चिंब होते.

याचे कारण कापडाच्या वरच्या थरात आहे. तिथल्या पाणी झटकणाऱ्या रसायनामुळे थेंब गोल होतो आणि अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा निघून जातो. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. मळ निघतो तो याच गुणामुळे. पण झूल नीट खळबळली नाही, तर उरलेला साबण धाग्यांवर बसून पाण्याला आत बोलावतो. लेपामुळे घोडा लगेच भिजत नाही. पण बाहेरचे कापड ओले राहिले की आतली वाफ कोंडते. फॅब्रिक सॉफ्टनर तर धाग्यांना चिकटून राहण्यासाठीच बनवलेला, त्याचे नावच नको.

गंमत अशी, की घोडा स्वतःच साबण तयार करतो! त्याच्या घामात लॅदरिन नावाचे प्रथिन असते. तेलकट, दाट केसांतून नुसता पाणचट घाम पसरला नसता. लॅदरिन पृष्ठताण कमी करते, घाम केसांच्या टोकांपर्यंत पोचतो, तिथून उडून जातो आणि अंग गार होते. पुण्याच्या रेसकोर्सवर धावून आलेल्या घोड्याच्या मानेवर दिसणारा पांढरा फेस हाच. या घामात क्षारही रक्तापेक्षा जास्त, त्यामुळे अस्तर धुवायलाच हवे.

चिखल मात्र आधी वाळू द्यावा, मग केसांसकट ब्रशने झाडावा. पाणी 30 अंशांच्या आसपास, साबण सौम्य आणि बिनएन्झाइमचा. एन्झाइमचा अंश राहिला तर नाजूक कातडीला खाज सुटू शकते. ड्रायरच्या उष्णतेने लेप सुटतो, म्हणून झूल दोरीवरच वाळवावी. पाणी झटकणारा थर झिजला असेल तर नव्याने द्यावा लागतो.

गजकर्ण झालेल्या घोड्याची झूल वेगळी काढावी. त्या बुरशीचे बीजाणू कापडात महिनोन्महिने तग धरतात, साध्या धुण्याला दाद देत नाहीत. तिथे बुरशीनाशक जंतुनाशकच लागते, आणि खराऱ्याचा ब्रशही त्यातच बुडवायचा.