७० किलो मीठ, ६५ ग्रॅम क्लोरीन

मढला माझ्या मामेभावाचा बंगला आहे. मागच्या अंगणात त्याने छोटा पूल बांधून घेतलाय: सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, पाणी १.२ मीटर. 'सॉल्टवॉटर' पूल. येईल त्या पाहुण्याला दादा ऐटीत सांगायचा, "आमच्याकडे क्लोरीन-बिलोरीन काही नाही. नुसतं मीठ." मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. हे वाक्य ऐकून माझा चेहरा कसा होतो ते वहिनींना विचारा.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्याचा फोन आला. "अरे, पावसानंतर मशीन मीठ मागत होतं, घातलं. शंभर टक्क्यांवर चालवतोय. तरी कडांना हात लावला की बुळबुळीत लागतंय. ये जरा."

आधी त्या वाक्याचा निकाल लावतो. मीठ पाणी स्वच्छ करत नाही. म्हणजे, लोणच्यात करतं, पण तिथे ते भरमसाट असतं. अशा पुलात लिटरमागे तीन ते चार ग्रॅम मीठ असतं, लिटरभर पाण्यात अर्धा चमचा. आमटी याहून खारट असते. जुहूच्या समुद्रात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, आपल्या अश्रूंत नऊच्या आसपास. तीन ग्रॅम मिठात शेवाळ मजेत वाढतं. जंतू क्लोरीनच मारतो, आणि तो पंपाच्या खोलीतल्या हातभर लांबीच्या पारदर्शक नळीत तयार होतो. त्या नळीला सेल म्हणतात. आत टायटॅनियमच्या पट्ट्या, त्यांवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप. पट्ट्यांमधून वीज गेली की एका बाजूला मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो आणि लगेच पाण्यात विरघळतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात. बॅटरी आणि पेन्सिलीची शिसं घेऊन नववीच्या वर्गात जे दाखवतात, तेच.

हा क्लोरीन शेवाळाशी, घामाशी, उन्हाशी झटापट करून संपतो तेव्हा त्याचं पुन्हा क्लोराइड होतं. म्हणजे परत मीठच. दादाच्या पुलात साडेएकवीस हजार लिटर पाणी मावतं. त्यात मीठ ७० किलो, आणि क्लोरीन लिटरमागे तीन मिलिग्रॅम ठेवला तर एका वेळी संपूर्ण पुलात जेमतेम ६५ ग्रॅम. ते ७० किलो नुसते कच्च्या मालाच्या कोठारात पडून असतात, काम करतात ते ६५ ग्रॅम. दादा कोठार भरत होता आणि कारखान्याचा माल कुठे जातोय ते बघत नव्हता.

पुलाच्या पाण्यात दोन जातीच्या गोष्टी असतात: उडून जाणाऱ्या आणि मुक्काम ठोकणाऱ्या. क्लोरीन उडतो. कार्बन डायऑक्साइड उडतो. पाणी स्वतः उडतं. मीठ, कॅल्शियम आणि स्टॅबिलायझर नावाचं एक रसायन (त्याची गोष्ट पुढे) मात्र उडत नाहीत. ते पुलाबाहेर जातात ते पाणी सांडून, फिल्टर उलटा धुताना किंवा काठावरून वाहून. कोण उडाऊ आणि कोण चिकट हे कळलं की पुलाची निम्मी दुखणी घरीच ओळखता येतात.

त्या रविवारी मी संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर सेल बंद केला, क्लोरीन मोजला आणि मुक्काम केला. (वहिनींचं कोळंबीचं कालवण हेही एक कारण.) पहाटे, ऊन यायच्या आत पुन्हा मोजला. चाचणीच्या नळीत थेंब टाकले की जितका क्लोरीन तितकं पाणी गुलाबी होतं. तो रंग जवळजवळ कालच्याइतकाच. शेवाळ क्लोरीन खात असतं तर रात्रभरात खाल्लं असतं, त्याला काही झोप नसते. मग सेल सुरू केला. दुपारी एकला मोजलं तर नळीतलं पाणी पाण्यासारखं. चोर दिवसा येत होता.

उघड्या पाण्यातला क्लोरीन मुंबईच्या दुपारी तासाभरात निम्म्याहून कमी होतो, सूर्यातल्या अतिनील किरणांनी. त्यावर उतारा म्हणजे सायन्युरिक ऍसिड, बाजारात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरीनच्या मोठ्या हिश्श्याला सैलसर धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं. वापर होईल तसा थोडा थोडा सोडतं. मिठाच्या पुलात ते लिटरमागे ६० ते ८० मिलिग्रॅम ठेवतात. खूप जास्त झालं तर क्लोरीनला इतकं घट्ट धरतं की तो असून नसल्यासारखा. क्लोरीनच्या त्या पांढऱ्या वड्या, दुकानात 'टीसीसीए ९०' म्हणून मिळतात त्या, याच ऍसिडपासून बनतात. त्यांतून लिटरमागे दहा मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला तर सहा मिलिग्रॅम स्टॅबिलायझर फुकट येतं, आणि ते चिकट जातीचं.

ते मोजायची पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात एकही आकडेवाला डबा नाही. पुलाच्या पाण्यात मेलामाइनचं द्रावण मिसळलं की ते दुधासारखं गढूळ होतं. तळाला काळा ठिपका असलेल्या उभ्या नळीत ते हळूहळू ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरची रेघ वाचायची. स्टॅबिलायझर जितका जास्त, तितका ठिपका लवकर बुडतो. दादाच्या पाण्याने नळी काठोकाठ भरली. ठिपका तळातून माझ्याकडे बघतच होता.

कुठे गेलं? मे महिन्यात तर ७० होतं, दादाने वहीत लिहून ठेवलं होतं. आणि ते उडत नाही म्हणून मीच आत्ता सांगितलं.

पाऊस. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात सरासरी दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि हा पूल १.२ मीटर खोल. पावसाचं पाणी मिसळत गेलं आणि कडेवरून वाहत राहिलं असं धरलं, तर दोन मीटर पावसानंतर आधीच्या पाण्यात जे काही होतं त्याचा पाचवा हिस्सा उरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तेवढा पडला तर एका दिवसात अशा पुलातलं निम्म्याहून जास्त मीठ नाल्यात. मीठ गेलं हे मशीनला कळतं, कारण पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच ते बघतं. स्टॅबिलायझर मोजायला त्याच्याकडे डोळाच नाही. म्हणून दादाने मागितलं ते दिलं, आणि वर ऑक्टोबरचं ऊन.

यात मुंबईवाल्यांचा एक फायदाही आहे. कोरड्या मुलखात चिकट गोष्टी साचल्या की अर्धा पूल उपसून टाकावा लागतो. आपल्याकडे ते काम दर वर्षी फुकट होतं. फक्त मुसळधार कोसळत असताना पंप बंद ठेवावा. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, ढवळलं नाही तर थोडं तरी वरच्या वर वाहून जातं आणि मीठ खाली वाचतं.

आता सामू, म्हणजे पीएच. तो थेंबांच्या कसोटीत ८.२ निघाला. तो ७.२ ते ७.८ मध्ये हवा. दादाची तक्रार अशी की ऍसिड घालून खाली आणला तरी आठवड्यात परत वर चढतो, "मशीनच अल्कली बनवतं". अर्धं खरं. सेलमध्ये अल्कली बनते, पण क्लोरीन खर्च होताना तेवढंच आम्लही परत मिळतं, हिशोब फिटतो. सामू चढतो तो उडाऊ जातीच्या दुसऱ्या सभासदामुळे. गोटी सोड्याची बाटली फोडून ठेवली की फसफस निघून जाते आणि सोडा बेचव होतो, कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे त्याचा आंबटपणाच गेलेला असतो. पुलात हेच सावकाश चालतं. सेलमधले हायड्रोजनचे बुडबुडे पाणी घुसळून वायू बाहेर काढायला मदत करतात, आणि दादाने हौसेने लावलेला दगडी धबधबा त्यांच्यावर कडी करतो.

त्यात तो दर महिन्याला खायचा सोडा घालत होता. कुणीतरी सांगितलं होतं, अल्कलिनिटी (ढोबळ मानाने पाण्यातलं बायकार्बोनेट, जे या सोड्यातून येतं) लिटरमागे १२० मिलिग्रॅम ठेवा म्हणजे सामू स्थिर राहतो. साध्या पुलात ठीक असेल. इथे जास्त बायकार्बोनेट म्हणजे उडायला जास्त वायू, म्हणजे सामू आणखी वेगाने वर, म्हणजे आणखी ऍसिड. मी सोडा बंद करायला सांगितलं. प्रत्येक वेळच्या ऍसिडबरोबर अल्कलिनिटी आपोआप उतरत ६० ते ८० वर येते आणि चढाचा वेग मंदावतो. धबधबा पाहुण्यांपुरता.

चढलेल्या सामूने क्लोरीनची धार कमी होते हे खरं. ७.२ ला साध्या पाण्यात त्याचा दोन-तृतीयांश भाग जोरकस रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. स्टॅबिलायझर असेल तर हा फरक बराच बोथट होतो. खरं नुकसान सेलचं होतं. पुलाच्या तळाशी पांढरे पापुद्रे पडले होते, नखाएवढे, भिंतीच्या वाळक्या रंगाच्या पोपड्यांसारखे. प्लास्टर सुटतंय म्हणून दादा धास्तावला होता. एक पापुद्रा बशीत घेऊन त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले. फसफसला आणि विरून गेला. कॅल्शियम कार्बोनेट, गिझरच्या कॉइलवर बसतं तेच. सेलच्या ज्या पट्टीवर हायड्रोजन सुटतो तिच्यालगतचं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं, तिथे ते आधी बसतं. मशीन अधूनमधून विजेची दिशा उलटवतं तेव्हा गळून पुलात येतं.

कॅल्शियम आलं कुठून? महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांत साठलेलं पावसाचं, मऊ असतं. दादाचा पूल टँकरवर चालतो आणि टँकर बोअरवेलवर भरतो. समजा त्या पाण्यात कठीणपणा, म्हणजे मुख्यतः विरघळलेलं कॅल्शियम, लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आहे आणि रोज अर्धा सेंटिमीटर पाणी उडतं. जानेवारी ते मे पाऊण मीटर उडालं. तेवढं टँकरने भरलं की उडालेलं पाणी गेलं, त्यातलं कॅल्शियम राहिलं: कठीणपणात अडीचशेची भर. नळाच्या ५० वाल्या पाण्याने भरला असता तर तिशीची. उलट निव्वळ मऊ पाणीही बरं नाही, ते आपली कॅल्शियमची भूक प्लास्टर आणि टाइल्सच्या सांध्यांवर भागवतं. दोनशे ते चारशेच्या मध्ये राहिलेलं बरं.

पंपाच्या खोलीत ऍसिडचा कॅन आणि ब्लीचिंग पावडरची बादली मांडीला मांडी लावून बसले होते. ते मात्र मी तिथल्या तिथे वेगळे केले. दोन्ही एकत्र सांडले तर क्लोरीन वायू सुटतो, तोही बंद खोलीत. ऍसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ऍसिडमध्ये कधीच नाही.

उपाय साधा होता. भिंती घासल्या. संध्याकाळी लिक्विड क्लोरीनचा ताजा कॅन ओतला. जुना नको, मुंबईच्या उकाड्यात त्याचा जोर महिन्या-दोन महिन्यांत बराच उतरतो. पाचव्या हिश्श्याच्या हिशोबाने स्टॅबिलायझर १५ च्या आसपास उरलं असणार. ते ६० वर न्यायला साडेएकवीस हजार लिटरला एक किलो पुरतं. ही भुकटी विरघळायला फार आळशी, तळाशी नुसती पडून राहते, म्हणून मोज्यात भरून पाणी आत येतं त्या तोंडापुढे टांगायची आणि मधूनमधून चुरायची. दादाने ऑफिसचा काळा मोजा आणला.

आठवड्याने मी परत गेलो. नळी निम्मीच भरली आणि ठिपका बुडाला. दुपारी तीनला क्लोरीनची नळी गुलाबी. मशीन शंभरवरून चाळीसवर आणलं तरी गुलाबीच राहिली. मोजा अजून तिथेच लोंबत होता. वहिनी म्हणाल्या, तो आता धुवायला टाकू नका.