रस्त्याला बसणारा चौथा घात

महामार्गाच्या रुंदीकरणात सायकलसाठी वेगळा मार्ग मागितला की एक उत्तर ठरलेलं असतं: ‘सायकलवाले रस्त्यासाठी भरतात काय?’ हा प्रश्न ऐकला की मला वाटतं, विचारणाऱ्याला आधी रस्ता झिजतो कसा ते दाखवावं.

जुन्या डांबरी महामार्गावर अवजड वाहनांची मार्गिका नीट बघा. मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा दिसतात त्या मुख्यतः दोन पट्ट्यांत, ट्रकची चाकं जिथून जातात तिथे. त्यांच्या मधलं डांबर त्याच दिवशी पडलेलं, तेच ऊनपाणी सोसलेलं, तरी बरंच धड असतं.

चाक वरून जातं तेव्हा रस्ता खरोखर वाकतो. सहसा मिलिमीटरभरही नाही, पण वाकतो. फळीवर माणूस उभा राहिला की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते, तसंच डांबरी थराचं होतं. खडी-डांबराचं मिश्रण दाब चांगला सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून पहिली बारीक भेग बहुधा थराच्या तळाशी पडते, आपल्याला न दिसणाऱ्या जागी, आणि चाकामागून चाक जाताना हळूहळू वर चढते. वर पोचली की तिच्यातून पाणी शिरतं, खालचा थर भिजून मऊ पडतो आणि डांबर आणखी वाकू लागतं. खड्डा सगळ्यात शेवटी पडतो.

आता खरी गंमत. भार दुप्पट झाला की झीज दुप्पट होत नाही, साधारण १६ पट होते, म्हणजे २ चा चौथा घात (२×२×२×२). १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ खास बांधलेल्या रस्त्यांवर सैनिकांनी ट्रक फिरवत ठेवले. अ‍ॅक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारे दांडे) दहा लाखांहून अधिक वेळा जाऊ दिले, भेगा आणि चाकोऱ्या मोजल्या, आणि त्यातून हा नियम हाती आला.

सायकलच्या एका चाकावर माणसासकट सुमारे ४५ किलो भार धरू. मोटारीच्या एका अ‍ॅक्सलवर ६०० किलो, भरलेल्या ट्रकच्या अ‍ॅक्सलवर ८,००० किलो. दोन्ही पायऱ्यांवर गुणोत्तर १३.३ येतं, आणि त्याचा चौथा घात ३१ हजारांच्या पुढे जातो. म्हणजे ट्रकचा एक अ‍ॅक्सल ३१ हजारांवर मोटारींच्या अ‍ॅक्सलइतकी झीज करतो. हाच हिशेब सायकलपर्यंत ताणला तर आकडा सुमारे १०० कोटींवर जातो. चाचणीत सायकलीइतका हलका भार नव्हता, घातही रस्त्यागणिक थोडा बदलतो, त्यामुळे हा आकडा शब्दशः घेऊ नये. पण सायकलमुळे रस्ता खराब होत नाही, एवढं त्यातून पक्कं कळतं.

वाहनं विजेवर आली की महामार्ग ‘हरित’ झाला, असंही सांगितलं जातं. धूर कमी होतो हे खरं, पण डांबराला इंजिन कळत नाही, वजनच कळतं. बॅटरीमुळे अ‍ॅक्सलवरचा भार २० टक्के वाढला तर झीज दुप्पट होते.

हा चौथा घात पुढे जमिनीवर उतरतो. ट्रकसाठीचा रस्ता सगळे थर धरून अर्धा मीटर किंवा त्याहून जाड करावा लागतो. ती सगळी खडी कुठला तरी डोंगर फोडूनच येते. शिवाय खालची माती रोलरने घट्ट दाबतात. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या मीटरभरात पसरलेली असतात आणि मातीच्या पोकळ्यांतल्या हवेवर जगतात. बुंध्यापर्यंत डांबर आणून ‘झाड वाचवलं’ म्हणतात, तेव्हा ते पुढे काही वर्षांत वाळण्याची भीती असते. सायकलमार्गाला पातळ थर पुरतो, पाणी झिरपू देणारा केला तरी चालतो.

वळणांचा हिशेबही सायकलच्या बाजूचा आहे. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरला जिथे ४०० मीटर त्रिज्या लागते, तिथे ताशी २० ला १६ मीटर पुरते. महामार्गाच्या आखणीत आडवं येणारं झाड कापलं जातं, सायकलमार्ग त्याला वळसा घालून जातो.

म्हणून साइडपट्टीवर पांढरी रेघ ओढून सायकलची सोय झाली असं मी मानत नाही. सायकलमार्ग झाडांच्या रांगेपलीकडून न्यावा. भरधाव ट्रक शेजारून गेला की हवा सायकलस्वाराला आधी बाहेर ढकलते आणि लगेच आत ओढते. मध्ये झाडं आणि चार-पाच मीटर अंतर असेल तर तो झोत त्याच्यापर्यंत पोचेतो बराच विरलेला असतो.